वेचनारीची पऱ्हाटी

जिब्रानचा ट्रॅक्टर सांगितल्यापेक्षा एक दिवस आधीच वावरात येऊन उभा राहिला, अन् तो पन नेमका बाजाराच्या दिवशी.

गावातल्या साऱ्या बाया अंजनगावले बाजाराले गेल्या होत्या. बाबा तलाठ्याकडं. वावरात मी एकटीच, कडेच्या धुऱ्यावर बसून बोरं खाऊन राहिली होती. कापूस वेचून झालेली पऱ्हाटी वाळून खडंग झाली होती. हात लावला का ओरखडा.

"चालू करू का?" जिब्राननं वरूनच इचारलं. अंजनगावच्या अब्दुल रहीमचा तो पोट्टा. त्याच्या बापानं औंदाच पऱ्हाटीचा भुगा करायची मशीन घेतली होती, ट्रॅक्टरच्या मांगं लावायची.

"उद्या ठरलं होतं ना?"

"उद्या दुसरीकडं गाडी लागली. आज नाई तं मंग सीधा होळीनंतर. देख ले. बापाले फोन लाव."

लावला. लागलाच नाई. जिब्रान खाली उतरला अन् तासाच्या, पऱ्हाटीच्या ओळीच्या, तोंडाशी जाऊन उभा राहिला.

"हे चिंध्या कायच्या बांधल्या?"

"बायाच्या हाये."

शेवटच्या वेच्याच्या दिवशी बाया आपापल्या पातीच्या, वेचाले धरलेल्या ओळीच्या, पहिल्या झाडाले चिंधी बांधते. कोनाची फाटक्या लुगड्याची, कोनाची पोट्ट्याच्या शर्टाची. चिंधी बांधली का त्या पातीतली पऱ्हाटी तिची. मंग सवडीनं येते, चिमट्यानं उपटते, भारे बांधते, डोक्यावर घरी नेते. त्यावर पावसाळाभर चूल. वेचनारीची पऱ्हाटी, असं आमच्याकडं आधीपासून हाय. मालकाचं वावर फुकटात साफ, बाईले फुकटात सरपन.

बाबा म्हने, संध्याकाळी पार्बताबाईच्या घरी जातो, तिले समजावून सांगतो, मंग मशीन लावू. पार्बताबाई म्हनजे वेचनाऱ्या बायाची म्होरकी. ते हो म्हनली का सगळ्या हो.

पन बाबाचं समजावनं मले माहीत होतं. पार्बताबाईनं एक डोळा मोठा केला असता तं बाबा चहा पिऊन परत आले असते. अन् मशीन होळीनंतर, म्हनजे कधीच नाई. पार शेजारच्या भगवंतरावासारखं कराव लागलं असतं, काडी लावून मोकळं.

मले भुगा कावून पाह्यजे होता, ते मीच पायलं होतं, कोनी सांगितलं नव्हतं. मांगल्या साली वेचनाऱ्या गयाबाईनं भारा बांधून धुऱ्याजवळ ठेवला अन् त्याच आठवड्यात ते मेली. भारा तिथंच राहिला. पान्यानं सडला, मातीत मिसळला. औंदा त्याच जागेवर मूग माह्या कमरेएवढा, अन् दोन हात सोडून पलीकडं वीतभर. आमचं वावर खारपानपट्ट्यातलं. पानी पडलं का लोनी, उन पडलं का दगड. ढेकूल फोडलं तं कुदळीले धार राहात नाई. पन त्या जागेवर मी बोटं घातले तं माती बोटात आली.

"काय करू?" जिब्रान म्हने. "टाइम जाऊन राहिला."

"चालव."

"बाप मारन ना तुले?"

"तू चालव म्हनलं ना!"

त्यानं चालवली. मशीन घों घों करत तासात शिरली अन् मांगून पऱ्हाटीचा बारीक भुगा पडाले लागला, पांढरट, गोधडीतल्या कापसावानी. चिंध्या पन त्यातच गेल्या. लाल, हिरवे, निळे तुकडे भुग्यात चमकत होते. मले लय बरं वाटलं. खोटं काहून सांगू.

शेवटच्या काही ओळी राहिल्या अन् सडकेवर बाजाराहून येनारी काळीपिवळी जीप थांबली. बाया उतरल्या, पिशव्या हातात. पार्बताबाई सगळ्याच्या पुढं.

"कोनं लावली मशीन?"

"मी," मी म्हनलं.

"बाप कुठी हाय तुहा?"

"बाप नाई. मी हावो. वावर आमचं, पऱ्हाटी आमची. सरकारनं गॅस देला ना तुमाले? मंग करा त्यावर सैपाक. आमच्या वावराच्या जिवावर किती दिवस चूल पेटवसान?"

मांगून एक बाई म्हने, "पोट्टीचं तोंड पाय माय!" दुसरीनं शिवी घातली. पार्बताबाई खाली वाकली, मूठभर भुगा उचलला, बोटातून सोडला.

"बरं हाय," ते म्हनली. अन् सगळ्याईले घेऊन चालली गेली.

ते भांडली असती तं बरं झालं असतं. मी भांडाले तयार होती.

संध्याकाळी बाबा आले. वावर पायलं. मले वाटलं, आता कानाखाली बसन. ते धुऱ्यावर बसले, बिडी काढली, पेटवली नाई.

"एक संध्याकाय थांबली असती, दीपे."

माय मांगून म्हने, "शाळेतबी थांबली नाई ते. सरनं वही फेकली तं हिनं घंटी फेकली. नववीत घरी. आता वावरातून कुठी पाठवता हिले?"

*

वावर हा आमच्या घरात साधा शब्द राहिला नव्हता. दसऱ्याच्या पान्यात कापूस भिजला होता, बोंडातच काळा झाला होता. तवा बाबानं जेवता जेवता म्हनलं होतं, "आता हरबरा. हरबरा घरात आला तं वावर आपन करू. नाई आला तं पाडव्याले मक्त्यानं कसाले देऊन टाकतो भगवंतरावाले, अन् अमरावतीले जातो, चंदनजवळ. चौकीदारी करीन."

चंदन माहा भाऊ. राजापेठले क्लास करून राहिला, पोलीसभरतीचे. त्याच्या खोलीत चार पोट्टे झोपते. तिथं आमी कुठी माव? बाबा चौकीदारी करन, माय भांडे घासन. अन् मी? मी नववी नापास, वावर नाई. म्हनजे पावन्याले पोहे. एवढं मले समजत होतं.

म्हनून हरबरा.

मूग निघाल्यावर त्याच तुकड्यात हरबरा पेरला होता. माघ सरता सरता तो पिकाले आला. सकाळी चालत गेलं का घाटे वाजत, छुन्नक छुन्नक, लेकराच्या वाळ्यावानी. ऐकून जीव सुखाव, अन् दुपारी तोच आवाज नोको वाटे. कारन वाजनारा हरबरा थांबत नाई. इळ्यानं सोंगा लागते तवाच लागते, ते पन पहाटपासून, दंव अंगावर असते तोवर. उन चढलं का घाटे फुटते, दाने मातीत.

बाबा बायाले सांगाले गेले. घरोघर.

"कमर दुखते, भाऊ."

"सोयरीक हाय, जाव लागते."

"पार्बताबाई म्हनन तं येतो."

पार्बताबाईनं बाबाले खाट टाकून देली, पानी देलं. म्हनली, "सहदेवभाऊ, आमी काही रागावलो नाई. पन आता वयच झालं आमचं. वाकनं होत नाई."

त्याच दिवशी ते दुसऱ्याच्या वावरात वाकून हरबरा सोंगताना मी पायली. दोन हातानं, झपाझप.

बाबा शेजारच्या गावाले गेले. तिथला मुकडदम म्हने, "तुमच्या गावच्या बायायनं टाकलेली पात आमी धरत नाई. उद्या आमच्यावर आलं तं?" हार्वेस्टरवाला वावर पाहून गेला. हरबरा बुटका, घाटे जमिनीले टेकलेले. म्हने, "अर्धा इथंच राहीन. मंग मले नाव ठेवसान."

मंग आमीच लागलो. मी, माय, बाबा. बाबाची कमर दोन सालापासून गेलेली, ते गुडघ्यावर बसून सरकत. हरबऱ्याच्या पानावर आंब असते, आंबट, ते बोटाच्या चिरात शिरते. पहिल्या दिवशी आग, दुसऱ्या दिवशी बोटं सुजली, तिसऱ्या दिवशी इळ्याची मूठ धरवे ना. मायनं जुनं लुगडं फाडून हाताले बांधून देलं. स्वतःच्या हाताले बांधलं नाई.

"तुले नाई लागत का?"

"माहे हात हातच नाई राहिले. तू सोंग."

वर पायलं तं आभाळाची कड मळकी. चंदनचा फोन आला. "मोबाइलवर दाखवून राहिले, दोन दिवसात गारा. जिल्ह्यात सगळीकडं. किती झालं?"

"तुह्या खोलीएवढं," मी म्हनलं.

"चेष्टा नोको करू दीपे."

"चेष्टा नाई करून राहिली. ये अन् सोंग."

"सोमवारी भरतीचं ग्राउंड हाय माहं," म्हने. मी फोन कापला.

दुपारी भगवंतराव बुलेटवर आले. त्यायचं वावर आमच्या धुऱ्याले लागून, काळंभोर जळालेलं. धुऱ्यावरूनच बोलले, उतरले नाई.

"सहदेव, पोरीचं कौतुक वाटते बरं मले. वावराले चारा घातला अन् मानसाले तोडलं. लय शिकलेले असं करते, हे तं नववीतच करून राहिली."

बाबा हसले. बाबा असे हसले का मले राग ये.

"तुमी पेटवलं तवा धूर आमच्या घरात आला होता," मी म्हनलं. "तो न्या पयले परत."

"दीपे!"

"राहू दे, राहू दे," भगवंतराव म्हने. "सहदेव, पाडव्याले लिखापढी करून टाकू. माह्याकडं बायाची अडचन नाई. माह्या वावरात येते त्या."

गेले. बाबा उठाले गेले तं उठवे ना. माय अन् मी दोन बगलेत हात घालून उभं केलं. त्यायच्या तोंडातून एक आवाज निघाला, बैलाच्या पाठीवर जू बसलं का निघते तसा. मी तिकडं पायलं नाई. पऱ्हाटीच्या तुकड्यात गेली. भुगा उन्हात पांढरा पडला होता. पायानं बाजूला सारला. खालची माती गार होती. बाकी सगळं वावर तापून भेगाळलेलं, इथं हात ठेवला तं ओल लागे. हे खरं होतं, मी चुकीची नव्हती. पन मी खरी असून हरबरा काही घरात येनार नव्हता.

मंग मी पार्बताबाईच्या घरी गेली.

*

उन कलतीले होतं. ते अंगनात चुलीसमोर बसली होती. बाजूले सरकारी सिलिंडर, त्यावर पान्याचा गुंड ठेवलेला.

"ये," ते म्हनली. जसं काही मी रोज येते. "बस. भाकरी टाकता येते का?"

"येते."

"मंग टाक. पीठ मळलेलं हाय. चूल पेटव पयले."

"सरपन कुठी हाय?"

तिनं कोपऱ्यातलं पोतं ओढून माह्यासमोर ठेवलं. पोत्यात भुगा होता. आमच्या वावरातला. त्यात एक हिरवा चिंधीचा तुकडा दिसत होता.

चुलीत भुगा घातला, काडी लावली. भुर्रकन पेटला, अन् खाली बसला. धूर. अजून घातला. फुकनी घेतली, फुकली. राख उडून डोळ्यात. परत भुर्र, परत धूर. तव्यावर भाकरी टाकली तं एका बाजूनं करपली, दुसरीकडून पांढरीच. फुकून फुकून डोक्यात घन पडाले लागले. नाकातून, डोळ्यातून पानी. पार्बताबाई समोर बसून पायत होती, गुडघ्यावर हनुवटी.

"पेटला?"

"नाई."

"कायचा पेटते. भुग्यावर भाकर होत नाई बाई. मी लय दिस करून पायली. टायर जाळला, पन्नी जाळली, नातीले खोकला लागला." तिनं कच्ची भाकरी तव्यावरून उचलली अन् टोपल्यात ठेवली. "आता सिलिंडर भरा म्हनशीन. भर. तुह्या हातानं."

मी डोळे पुसले. आंब लागलेल्या हातानं पुसले, ते अजूनच झोंबले.

"पार्बताबाई, तुमी आमच्या वावरात वेचता. गयाबाईचा भारा जिथी सडला, ते जागा पायली ना तुमी?"

"मलेच सांगते? तिथी माहीच पात असते. त्या जागेवर मूग तोडताना हात भरून शेंग ये. मले नाई समजत का, मातीले खाले लागते?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "समजते. मातीले लागते, चुलीलेबी लागते. पन तुले एक सांगतो. गयाबाईचा भारा तिथी सडला कावून? तिची चिंधी होती त्यावर. ते मेली, तरी कोनी हात लावला नाई. माह्या घरी चूल थंडी होती, तरी मी हात लावला नाई. अन् तुनं आमच्या जित्याईच्या चिंध्या मशीनीत घातल्या. बाजारातून आलो, तं हातात पिशव्या अन् वावरात काहीच नाई. एक शब्द इचारला असता."

माह्या तोंडात उत्तर आलं होतं. इचारलं असतं तं तुमी नाईच म्हनलं असतं. ते गिळलं. गिळनं मले जमत नाई.

"तुराट्या घ्या," मी म्हनलं.

"काय?"

"आमच्या घरामांगं तुराट्याची गंजी हाय. औंदाच्या तुरीची, सगळी. तुमी घ्या. पुढच्या सालीबी. पऱ्हाटी मातीले, तुराट्या तुमाले."

ते मले पायत राहिली. तुराटी म्हनजे पऱ्हाटीपेक्षा भारी सरपन, पोळी फुगन असा जाळ. कोनी देत नाई.

"तुह्या मायनं म्हनलं?"

"मी म्हनून राहिली."

"तुहं म्हननं म्हनजे वारं. तवा मशीनीकडून आलं, आज माह्याकडून. चूल तुहे माय पेटवते. तिनं म्हनलं तं पाहू."

*

माय गंजीतूनच तुराटी ओढत होती, संध्याकाळच्या सैपाकासाठी. मी उभ्या उभ्या सांगितलं.

ते वळली. तिच्या हातात तुराटी होती अन् मले वाटलं आता ते पाठीत बसते.

"माहं सरपन देलं तुनं?"

"हरबऱ्यासाठी."

"मले इचारलं?"

"नाई."

"तिच्या वेळेस तिले नाई इचारलं, माह्या वेळेस मले नाई इचारलं. तुले तोंड कायले देलं देवानं? फक्त चावाले?"

बाबा ओसरीत पालथे पडले होते, कमरेवर गरम विटेची पोटली. ते मायले म्हनले, "माणिक, राहू दे. नसन द्याचं तं नोको देऊ. पाडव्याले..."

"तुमी झोपा गप."

मायनं हातातली तुराटी परत गंजीत खोचली. ते गंजी तिनं एकटीनं रचली होती, पानी आत जाऊ नये म्हनून शेंडे खाली करून. पश्चिमेकडं आभाळ पार काळं झालं होतं, मधून वीज दिसे, आवाज येत नव्हता.

मंग तिनं दोरी घेतली. एवढा मोठा भारा बांधला का दोन मानसाले उचलाव. पदर खोचला, चुंबळ डोक्यावर ठेवली. "हात लाव," मले म्हने. उचलून देला. मले लहान भारा बांधून देला.

सहदेव माळ्याची बायको डोक्यावर तुराट्या घेऊन पारावरून चालली, मांगं मी. पारावर भगवंतराव बसले होते, चार मानसं होती. बोलनं थांबलं. एक जन म्हने, "वहिनी, उलटी गंगा?" माय थांबली नाई. तिच्या मानेची शीर टरारून फुगली होती, घाम कानामांगून खाली येत होता. सगळ्या गावात बाया आमच्या वावरातून भारे घेऊन येते. आमच्या घरातून भारा निघालेला कोनी पायला नव्हता. मी खाली पाहून चालली, माह्या पायाच्या अंगठ्याकडं.

पार्बताबाईच्या अंगनात मायनं भारा टाकला. धूळ उडाली.

"बाकीच्या तुमी घेऊन जा," ते म्हने. "माह्यानं सगळ्या होत नाई." अन् दम खात उभी राहिली.

पार्बताबाईनं भाऱ्यावर हात ठेवला. मायकडं पायलं, माह्याकडं पायलंच नाई.

"पोट्टी देली असती त्यापेक्षा."

"ते कोन नेते?" माय म्हने.

दोघी हसल्या नाई. पन पार्बताबाईनं गुंड उचलला, मायले पानी देलं, अन् फाटकाबाहेर तोंड काढून वरडली, "शांताबाई! कमले! इळे घासून ठेवा वं. सकायी लवकर."

*

सकाळी बाया अंधार फिटाच्या आत वावरात होत्या. कोनी माह्याशी बोललं नाई. पाती धरल्या अन् लागल्या. दंवानं हरबरा ओला होता, इळ्याचा आवाज येत होता खसाखस, अन् कोनीतरी मधूनच खोकले. पार्बताबाईनं मले आपल्या बाजूची पात देली. मी जोर लावला तरी ते पुढंच.

"मुळाशी धर. वरून ओढते तं घाटे गळते. तुहे घाटे गळून राहिले."

"हाव."

"हाव नाई, पाय."

उन निघालंच नाई. वारं पडलं. माशा तोंडावर बसाले लागल्या. सगळ्यायले समजलं का आता जास्त वेळ नाई. कोनी भाकरीचं फडकं सोडलं नाई. बाबा गुडघ्यावर सरकत सरकत पेंढ्या गोळा करत होते, मी अन् माय त्या वावराच्या मधात ढिगाऱ्यावर नेऊन टाकत होतो. ढीग वाढला. सोंगायचा एक कोपरा राहिला होता, भगवंतरावाच्या धुऱ्याकडचा, तेवढ्यात थंडं वारं आलं. असं थंडं का अंगावर काटा.

"ताडपत्री!" पार्बताबाई वरडली. "कोपरा सोडा. ताडपत्री!"

ताडपत्री जुनी होती, दोन ठिकानी ठिगळ. अंथरली तं वाऱ्यानं उचलली, फडफडून बाबाच्या तोंडावर बसली. दगड ठेवाले आमच्या वावरात दगडच नाई, काळी माती. ढेकलं ठेवले तं फुटले. एक कडा दाबली का दुसरी उडे. पहिली गार माह्या खांद्यावर बसली, बोरीच्या बोराएवढी.

"बसा!" पार्बताबाई म्हने. "कडेवर बसा साऱ्या."

अन् ते स्वतः एका कोपऱ्यावर फतकल मारून बसली. मंग शांताबाई, कमलाबाई, माय. साऱ्या बाया ताडपत्रीच्या कडेनं बसल्या, पाठी ढिगाकडं, पदर डोक्यावर, पदरावर घमेले. ज्यायले घमेलं नव्हतं त्यायनं हात ठेवले. मी पार्बताबाईच्या बाजूले बसली. गारा आल्या.

आवाज एवढा का कोन काय बोलते समजे ना. घमेल्यावर टनटन, पाठीवर धपधप. माह्या हातावर आंब लागलेल्या चिरावर गार बसे अन् जीव जाये. ताडपत्री खालून फुगे, तं सगळ्या एकदम मागं रेटत. पार्बताबाईनं आपलं घमेलं थोडं माह्या डोक्यावर सरकवलं. अर्धं तिच्यावर, अर्धं माह्यावर. मी नोको म्हनलं.

"गप बस. मानूस पडन तं ताडपत्री उडन."

समोर भगवंतरावाचं जळालेलं वावर होतं. त्यावर पानी थांबलंच नाई, काळं पानी लोटत सडकेच्या नालीत चाललं. आमच्या भुग्याच्या तुकड्यावर गारा पडल्या, पांढऱ्यावर पांढऱ्या, अन् तिथंच राहिल्या. पानी खाली जात होतं का नाई, ते दिसत नव्हतं. पन वाहून येत नव्हतं.

"पाय," मी कोपरानं पार्बताबाईले ढोसलं.

तिनं पायलं. "पायलं," ते म्हने. "मांग रेट."

जशा आल्या तशा गारा थांबल्या. बारीक पानी, मंग तेबी नाई. कोनी उठलं नाई, जसं काही उठलं तं अजून पडन. राहिलेला कोपरा पार झोपला होता, घाटे चिखलात रुतलेले. तो गेला. बाबानं तिकडं एकदा पायलं अन् मान फिरवली.

"आतलं पाय," माय म्हने.

मी ताडपत्रीची कडा उचलली, ढिगाऱ्यात हात घातला. मनगटापर्यंत ओलं लागलं. ओला हरबरा ढिगात तापते, काळा पडते, मंग तो कोनी घेत नाई. अजून आत घातला. कोपरापर्यंत. बाया सगळ्या माह्या तोंडाकडं पायत होत्या. बाबा गुडघ्यावर. मी गाल ढिगाले टेकवला अन् खांद्यापर्यंत हात आत लोटला. काटे लागले, काड्या लागल्या. घाटा बोटात धरला, चुरगळला.

खुळखुळ वाजला.

"कोरडा हाय," मी म्हनलं.

"मंग हात काहाले ठेवला आत? झाक लवकर," पार्बताबाई म्हने. अन् डोक्यावरून घमेलं काढून त्यातल्या गारा खाली ओतल्या.

सडकेवर भगवंतरावाची बुलेट थांबली. ते पावसात भिजले होते, टोपी हातात. ढिगाकडं पायलं, बायाकडं पायलं.

"सहदेव, वाचला का रे?"

बाबा माह्या खांद्याले धरून उभे राहिले. एकदम सरळ नाई, पन उभे.

"वाचला जी! पाडव्याले या!" बाबानं वरडून सांगितलं. "जेवाले!"

भगवंतरावानं हात हलवला का नाई ते मले दिसलं नाई, बुलेट गेली. माय ताडपत्रीची कडा दाबत होती. म्हने, "जेवाले बोलवून राहिले. पावन्याचा सैपाक काय भुग्यावर करू मी?"

पार्बताबाई पदर पिळत होती. पिळला, झटकला, परत डोक्यावर घेतला.

"एक भारा ठेवीन तुह्यासाठी," ते म्हनली. "उसना."